नेपाळचे माओवादी: जंगलातून संसदेत आले, पण याला यश म्हणायचं का?

उत्तररात्र (धागाकर्ता)

परवा एका लग्नात पंगतीला नेपाळचा विषय निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या पोरांनी सरकार उलथवलं, संसदेची इमारत पेटली, ते सगळं. शेजारचे काका जिलबी मोडता मोडता म्हणाले, "बंदूकवाल्यांना खुर्चीवर बसवलं की हेच होणार." तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे घालतो.

माझ्या मते बंडखोरांचा पक्ष कसा होतो याचं आपल्या शेजारचं सगळ्यात चांगलं उदाहरण नेपाळच आहे. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: १३ फेब्रुवारी १९९६ ला रोल्पा, रुकुम, सिंधुलीतल्या पोलीस चौक्यांवर हल्ले करून माओवाद्यांनी 'जनयुद्ध' सुरू केलं. दहा वर्षांत १३ हजारांहून जास्त माणसं मेली. सरकारी आकडा १७ हजारांच्या घरात जातो. २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली आणि कालपर्यंत एकमेकांचे वैरी असलेले सात पक्ष आणि माओवादी एका बाजूला आले. दिल्लीत १२ कलमी समझोता झाला, २००६ च्या एप्रिलमध्ये १९ दिवसांचं जनआंदोलन झालं आणि २१ नोव्हेंबर २००६ ला पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या.

२००८ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत ५७५ पैकी २२० जागा घेऊन माओवादी पहिले आले. सगळे याच विजयाचं कौतुक करतात. मला २०१३ ची निवडणूक महत्त्वाची वाटते. तेव्हा त्यांच्या ८० जागा आल्या आणि ते तिसऱ्या नंबरवर फेकले गेले. खुद्द प्रचंड काठमांडूत पडले (सिराहातून निवडून आले म्हणून वाचले). त्या रात्री त्यांनी आदळआपट केली, मतमोजणीवर बहिष्कार घातला, 'घोटाळा' म्हणाले, आणि शेवटी मुकाट्याने सभेत जाऊन बसले. ज्यांच्याकडे दहा वर्षं स्वतःचं सैन्य होतं त्यांनी पराभव गिळला. पक्ष झाला तो त्या दिवशी.

शंकासुर

गिळला, कारण तोवर सैन्य उरलंच नव्हतं! करारानंतर माओवादी लढवय्ये ज्या छावण्यांत ठेवले होते, त्या एप्रिल २०१२ मध्ये नेपाळी लष्कराने ताब्यात घेतल्या होत्या. दात पाडून घेतलेल्या वाघाला शाकाहारी म्हणण्यात काय अर्थ आहे?

आणि २००८ चा विजय तरी किती निर्मळ? त्यांची ती युवा संघटना, वायसीएल, तिने गावोगाव काय धिंगाणा घातला होता ते विसरलात का? कितीतरी लोकांनी 'हे हरले तर परत जंगलात जातील' या धास्तीने मत दिलं.

उत्तररात्र

शंकासुर, दात कुणी पाडले ते सांगायचं राहिलं. छावण्या लष्कराच्या ताब्यात गेल्या तेव्हा पंतप्रधान होते बाबुराम भट्टराई, म्हणजे माओवाद्यांचेच नेते. स्वतःच्याच सरकारने स्वतःचंच सैन्य मोडलं. त्याच्या आधी, मे २००९ मध्ये, लष्करप्रमुख कटवाल यांना काढण्यावरून राष्ट्रपतींशी वाजलं. तेव्हा १९ हजारांवर लढवय्ये छावण्यांत होते. तेव्हा पंतप्रधान असलेल्या प्रचंड यांनी काय केलं, तर राजीनामा दिला. वायसीएलबद्दल मात्र मान्य, ती गुंडगिरीच होती.

निवृत्त_मास्तर

उत्तररात्र यांचा मुद्दा पटतो, पण त्यामागची युक्ती सांगायला हवी होती. करारात 'शस्त्रसमर्पण' नव्हतं, 'व्यवस्थापन' होतं. बंदुका छावणीतल्याच कंटेनरमध्ये बंद, त्यावर संयुक्त राष्ट्रांचा कॅमेरा आणि भोंगा, आणि कुलपाची किल्ली माओवाद्यांच्याच खिशात! शिवाय जितक्या त्यांच्या तितक्याच बंदुका नेपाळी लष्करानेही तशाच कुलपात ठेवायच्या. म्हणजे कुणी कुणापुढे हात वर केले नाहीत. आपल्याकडे घरच्या वाटणीत थोरल्याला आणि धाकट्याला एकाच वेळी उठवावं लागतं, तसंच झालं हे.

मी वर्गात ही गोष्ट सांगायचो तेव्हा पोरं हमखास विचारायची, "सर, मग त्यांनी कुलूप उघडलं का नाही?" मी म्हणायचो, उघडलं असतं तर भोंगा वाजला असता आणि सगळ्या जगाने ऐकला असता. नाक कापून घ्यायची हौस कुणाला असते?

सीमा_हडपसर

वरचं सगळं वाचलं. सगळ्या प्रतिसादांत प्रचंड, भट्टराई, कोइराला. छावणीत जी पोरं-पोरी होती त्यांचं काय झालं हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

संयुक्त राष्ट्रांनी तपासून १९,६०२ जणांना लढवय्ये म्हणून नोंदवलं. त्यात ३,८४६ बायका. लष्करात शेवटी घेतले किती, तर १४०० च्या थोडे वर. त्यांत बायका शंभराच्या आसपास. पंधरा हजारांहून अधिक लोक हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन बाहेर पडले. पाच लाख नेपाळी म्हणजे आपले तीन लाखांच्या थोडे वर. पाच-सहा वर्षं छावणीत. तिथेच लग्नं झाली, मुलं झाली. मग लष्कराने वय बघितलं, शिक्षण बघितलं. जी मुलगी आठवीत शाळा सोडून बंदूक घेऊन गेली ती कुठलं सर्टिफिकेट दाखवणार?

आणखी ४,००८ जण होते, त्यातले २,९७३ अल्पवयीन. त्यांना २०१० मध्ये आधीच बाहेर काढलं. रोख रक्कम नाही, फक्त शिवणकाम, मेकॅनिक असल्या प्रशिक्षणाचे पर्याय. त्यांना नेपाळीत जो शब्द चिकटला तो आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको: 'अयोग्य'. अयोग्य लडाकू.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक नेपाळी दादा होता. दोन वर्षं मला वाटायचं की तो फार अबोल आहे. एकदा लाइट गेली तेव्हा खाली गप्पा मारत बसलो, तर म्हणाला, "दीदी, मैं भी वही था। अयोग्यवाला।" पंधराव्या वर्षी गेला होता. गावी परत गेल्यावर लोक विचारायचे, एवढ्या वर्षांत काय कमावलंस? नेते मंत्री झाले, तू अयोग्य? त्यापेक्षा पुण्याची गाडी बरी. मोबाइलच्या उजेडात हातावरचा व्रण दाखवला आणि लगेच बाही खाली ओढली.

संघटनेचा पक्ष झाला, बरोबर आहे. पण ज्यांच्या जिवावर झाला ते पक्षात कुठे आहेत?

शंकासुर

सीमाताई, +१. आणि त्या १९ हजारांतही गंमत आहे. शक्तिखोर छावणीतल्या भाषणाचा व्हिडिओ २००९ मध्ये बाहेर आला, त्यात प्रचंड स्वतःच हसत सांगतात की आपले खरे लढवय्ये सात-आठ हजारच होते, आकडा आपण फुगवला. म्हणजे पोरं मोजून दाखवायला भरली आणि मग तीच 'अयोग्य' ठरवून परत धाडली.

चंद्रपूरकर

जरा अवांतर, पण आमच्या भागाशी थेट संबंध आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत नक्षलवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चर्चा होती की आता यांचा पण पक्ष निघणार, नेपाळसारखा. मला नाही वाटत. नेपाळात दोन्ही बाजूंना कळलं होतं की आपण जिंकू शकत नाही, आणि समोर राजा नावाचा सामाईक शत्रू होता. इथे ते आत्मसमर्पण आहे, एकेकाचं पुनर्वसन आहे. त्यात वाटाघाटीचं टेबल कुठे आलं?

निवृत्त_मास्तर

चंद्रपूरकर, अचूक. मी तर म्हणतो नेपाळच्या शांततेचं अर्धं श्रेय ज्ञानेंद्रांना द्यावं. त्यांनी आततायीपणा केला नसता तर हे सगळे एकत्र आलेच नसते. :)

पाटणची_सून

विनोद पुरे झाला मास्तर. मेलेल्यांचं काय? माओवादी नेते बालकृष्ण ढुंगेल यांना १९९८ च्या एका खुनात जन्मठेप झाली होती, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तरी हे गृहस्थ संविधान सभेचे सदस्य, उजळ माथ्याने फिरत होते. अटक झाली २०१७ ला आणि पुढच्या वर्षी नेपाळच्या प्रजासत्ताक दिनी माफी मिळून बाहेर. लष्कराचंही तेच. मैना सुनुवार, १५ वर्षांची मुलगी, २००४ मध्ये बराकीत छळ करून मारली. तीन अधिकारी दोषी ठरले तेही २०१७ ला, आणि त्यांच्या गैरहजेरीत.

दोन्ही बाजूंचे लोक संसदेत शेजारी शेजारी बसले ना, म्हणूनच कुणाला शिक्षा नको होती. उत्तररात्र ज्याला यश म्हणताहेत तो याच सौद्याचा फायदा आहे.

उत्तररात्र

पाटणची_सून, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सत्यनिरूपण आणि बेपत्ता व्यक्तींसाठीचे दोन्ही आयोग २०१५ मध्ये नेमले, म्हणजे करारानंतर आठ वर्षं उलटून गेल्यावर, यातच काय ते आलं. पण २००६ मध्ये 'आधी खटले, मग शांतता' म्हटलं असतं तर सही कुणी केली असती? आणखी हजार-दोन हजार मेले असते. हा हिशेब मला आवडत नाही, पण टाळताही येत नाही.

सीमाताई, तुमच्या प्रतिसादानंतर मी माझी पोस्ट परत वाचली. 'स्वतःचं सैन्य मोडलं' हे मी कौतुकाने लिहिलंय. मोडलं म्हणजे माणसं मोडली, हे लिहिताना डोक्यात नव्हतं.

सह्यभ्रमर

उशिरा आलो. रोल्पातलं थबाङ गाव माओवाद्यांचं माहेरघर. २०१३ ला तिथे एकही मत पडलं नाही. नेतृत्वाने दगा दिला म्हणून माओवाद्यांमधला मोहन वैद्य यांचा गट फुटून निघाला होता, गाव त्यांच्या बाजूचं.

शंकासुर

बघा! स्वतःच्या माहेरी शून्य.

सह्यभ्रमर

शून्यच. पण मतपेट्या घेऊन आलेले कर्मचारी धडधाकट परत गेले हो. १९९६ साली त्याच डोंगरात सरकारी माणसाचं काय झालं असतं?