मदत हवी आहे : रस्त्यावर फोटो काढताना ऐन वेळी हात आखडतो

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. निवृत्तीनंतर छायाचित्रण शिकायला घेतले, त्याला दोन वर्षे होत आली. पक्षी आणि फुले यांवर हात बसल्यावर गेल्या पावसाळ्यापासून रस्त्यावरच्या छायाचित्रणाकडे वळलो. तिथे मात्र अडलो आहे, आणि ही अडचण तंत्राची आहे की स्वभावाची हे स्वतःला ठरवता येत नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

रविवारी सकाळी मी जांभळी नाक्याच्या बाजारात जातो. भाजीच्या गोण्या उतरत असतात, हातगाडीला वाट देण्यावरून हमरीतुमरी चाललेली असते, कौपिनेश्वराच्या दर्शनाला निघालेली माणसे बेल आणि फुले घेत असतात. विषयांना तोटा नाही. घरी येऊन फोटो संगणकावर पाहतो, तेव्हा निम्म्याहून अधिक फोटोंत नुसत्या पाठी दिसतात. उरलेले ५५-२५० च्या, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या, मोठ्या लेन्सने रस्त्याच्या पलीकडून ओढून घेतलेले असतात. त्यांत चेहरा स्वच्छ येतो, पण बाजार कुठल्या कुठे नाहीसा होतो.

तीन आठवड्यांपूर्वी धीर करून, १८-५५ ची जवळून काढायची छोटी लेन्स लावून, हार विकणाऱ्या एका आजींचा फोटो दोन-अडीच मीटरवरून काढला. दोऱ्याचे टोक दातांत धरून त्या झेंडूची माळ ओवत होत्या. शटरचा आवाज झाला, त्यांनी वर पाहिले आणि मी तत्क्षणी कॅमेरा देवळाच्या शिखराकडे वळवला, जणू काही पहिल्यापासून मला शिखरच हवे होते. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो दादा, विचारायचं तरी. पदर सारखा केला असता." त्या रागावल्या असत्या तर परवडले असते.

तेव्हापासून बाजारात कॅमेरा पिशवीबाहेर निघालेला नाही. विचारले असते तर त्यांनी दोरा सोडला असता, पदर सारखा केला असता आणि आधारकार्डाच्या फोटोसारख्या ताठ बसल्या असत्या. न विचारता काढला तर आपण काहीतरी चोरून आणले, असे वाटत राहते. जाणकार हा पेच कसा सोडवतात? "हल्ली सगळेच फोटो काढतात, कोण लक्ष देतो?" हा सल्ला मला मिळालेला आहे, तो मोबाइलवाल्यांना लागू असेल, गळ्यात काळा धोंडा अडकवून हिंडणाऱ्या साठीच्या माणसाला नाही. जाता जाता दुसरी अडचणही सांगतो : गर्दीत ऑटोफोकस (कॅमेऱ्याने आपोआप धरलेला फोकस) हमखास पुढच्या टांगलेल्या पिशवीवर जातो.

प्रतिसाद

आपली दुसरी अडचण सोपी असल्याने ती आधी निकालात काढतो. १८-५५ ची लेन्स २३ मिलिमीटरवर ठेवावी, छिद्र (उजेड आत येण्याची वाट) एफ ८ इतके लहान ठेवावे, अडीच मीटरवरच्या एखाद्या खांबावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाकावी, म्हणजे फोकस तिथेच राहील, आणि नंतर झूमला हात लावू नये. आपल्या कॅमेऱ्यात साधारण दीड ते नऊ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येईल. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नये. सकाळच्या कमी उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी खुशाल वाढवावा, कारण दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आता पहिली अडचण. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९५२ सालचे पुस्तक इंग्रजी नावामुळे 'निर्णायक क्षण' म्हणून ओळखले जाते आणि त्या शब्दांनी आपल्यासारख्या पुष्कळांचे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. क्षण टिपायचा म्हणजे झडप घालायची, असा समज त्यातून पसरला. मूळ फ्रेंच नाव मात्र 'इमाज आ ला सोव्हेत' असे आहे, आणि 'आ ला सोव्हेत' हे शब्द फ्रेंच लोक रस्त्यावर विनापरवाना माल विकणाऱ्यांच्या विक्रीला वापरतात. पालिकेची गाडी दिसताच पथारीची चार टोके गोळा करून पळणारा विक्रेता आपण स्टेशनबाहेर पाहिलाच असेल. आजींनी वर पाहताच शिखराकडे वळलेला आपला कॅमेरा त्याच जातीचा. फरक इतकाच की, तो विक्रेता दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन बसतो आणि शेजारचे त्याला ओळखतात. आपण तीन आठवडे तिथे कॅमेरा पिशवीबाहेरही काढला नाहीत.

माझ्या मते आपली चूक न विचारण्यात नव्हती, नजर चुकवण्यात होती. फोटो आधी काढावा, पण काढल्यावर कॅमेरा खाली घेऊन त्या माणसाकडे पाहावे, हसावे, पडद्यावरचे चित्र दाखवावे आणि पुसून टाका म्हटल्यास वाद न घालता त्याच्यासमोर पुसावे. झोपलेली, नशेत असलेली किंवा संकटात सापडलेली माणसे मी सोडून देतो; तिथे पुढे संमती घेण्याला अर्थच उरत नाही. फिरण्याऐवजी एकाच कोपऱ्यावर अर्धा तास उभे राहून पाहावे. पहिली दहा मिनिटे सगळे आपल्याकडे पाहतात, मग कंटाळतात, आणि खरे फोटो त्यानंतर मिळतात. मोठी लेन्स घरी ठेवावी. आजींच्या फोटोची प्रत मात्र आधी पोहोचती करावी.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनःपूर्वक आभार. काल सकाळी चार बाय सहाची प्रत घेऊन गेलो. आजींनी ती हातभर लांब धरून पाहिली, शेजारच्या लिंबूवाल्याला दाखवली आणि दातांतल्या दोऱ्यावर बोट ठेवून "हे कशाला काढलंत?" असे विचारले. मग पदर सारखा करून ताठ बसल्या आणि दुसरा काढायला लावला. तो अपेक्षेप्रमाणेच आधारकार्डासारखा आला आहे. मात्र तो काढून झाल्यावर मी तिथेच एका बाकड्याला टेकून उभा राहिलो. लिंबूवाला माझी थट्टा करत होता, आजी त्याला झेंडूचे फूल फेकून मारत होत्या आणि त्यांचे माझ्याकडे अजिबात लक्ष नव्हते. फूल हवेत असलेला एक फोटो मिळाला आहे. लिंबूवाल्याचा हात अर्धा कापला गेला आहे, तरी आजवरच्या फोटोंत तोच मला सर्वांत बरा वाटतो.

आजींना मात्र ताठ बसलेलाच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून हवा आहे. त्यांच्या फुलांवर दिवसभर पाणी मारलेले असते आणि फोटो तिथेच टांगणार असे त्यांनी सांगितले आहे, तेव्हा ओल धरणार नाही असा कोणता कागद घ्यावा, आणि काच लावावी की लॅमिनेशन पुरेल?