लाइव्ह लाइट: क्लिक लोकांना ऐकू जातोय आणि रूपकात अंतरा समेवर येत नाही

पेटी_आणि_कीबोर्ड (सोलापूर)
गणपतीत मंडळांच्या स्टेजवर भक्तिगीतं-भावगीतं करतो. दोन गायक, पेटी, ढोलकी, कीबोर्ड. विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम, दोन आउटपुटचा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला देणारा डबा), आणि त्याच्यासोबत आलेलं एबलटन लाइव्ह लाइट, म्हणजे ट्रॅक वाजवायच्या ‘लाइव्ह’ सॉफ्टवेअरची लहान आवृत्ती. अडचणी अशा:
एका गाण्यालाच वीसेक ट्रॅक होतात, लाइटमध्ये आठच मिळतात.
मेट्रोनोम (लय धरायची टकटक, म्हणजे क्लिक) चालू केला की तो स्पीकरमधूनच वाजतो.
रूपकातल्या (सात मात्रांच्या तालातल्या) गाण्यात अंतऱ्याचा सीन (एकदम वाजणाऱ्या क्लिपांची ओळ) दाबला की कधी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो, कधी मधेच कुठेतरी.
कीबोर्ड वाजवताना अधूनमधून चरचर येते.
मोठी आवृत्ती घ्यावी की चार आउटपुटचा इंटरफेस? दोन्हीला पैसे नाहीत.

साउंडचेक_आधी
दोन्ही नको. गाणं बांधायचा सेट आणि स्टेजवरचा सेट एकच ठेवलाय, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

वीस ट्रॅकचं काम घरी करा, ट्रॅकची मर्यादा नसलेल्या रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये केलं तरी चालेल. तिथून चारच फाइली बाहेर काढा: ताल, बास, स्ट्रिंग्ज-पॅड, कोरस. स्टेजच्या सेटमध्ये या चार, पाचवा क्लिक, सहावा तुमचा कीबोर्ड. दोन ट्रॅक उरतातच. प्रत्येक गाण्याचे सीन एकाखाली एक लावा. सीन कमी पडले तर मध्यंतराआधीचा आणि नंतरचा असे दोन सेट करा. गाणं लाइव्हमध्येच बांधलं असेल तर एक्सपोर्ट, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-आर.

क्लिकचं कारण साधं आहे. मेट्रोनोम क्यू आउटला (फक्त वाजवणाऱ्याला ऐकायच्या आउटपुटला) जातो, आणि इंटरफेसला आउटपुटची एकच जोडी असली की क्यू आणि मास्टर (लोकांना जाणारं मुख्य आउटपुट) एकाच भोकातून बाहेर पडतात. मेट्रोनोम बंदच ठेवा. क्लिकची वेगळी ऑडिओ क्लिप करा, तो ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन आणि बाकी सगळे पूर्ण उजवीकडे. मिक्सरला फक्त उजव्या आउटपुटची केबल द्या. डाव्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका, नाहीतर साउंडवाला भाऊ मदत म्हणून तिथेही केबल खुपसतो. ढोलकीवाल्याचा हेडफोन इंटरफेसच्याच हेडफोन जॅकला: डाव्या कानात क्लिक, उजव्यात गाणं.

इथे दोन खड्डे आहेत. फाइली स्टीरिओ राहिल्या आणि उजवीकडे पॅन केल्या तर डाव्या बाजूला रेकॉर्ड केलेलं वाद्य गायबच होतं. म्हणून एक्सपोर्ट करतानाच मोनो करून घ्या. दुसरं, मास्टरवर रिव्हर्ब लावू नका. तो क्लिकला उजवीकडे पसरवतो आणि टकटक परत लोकांपर्यंत पोचते.

सात_मात्रा
रूपकाचं मी सांगतो. तुमचा सेट ४/४ मध्ये आहे आणि वरचं क्वांटायझेशन (दाबलेला सीन कुठे सुरू होणार ते ठरवणारं) १ बार आहे, बरोबर? म्हणजे लाइव्ह दर चार मात्रांनी दार उघडतं, तुमची सम मात्र दर सात मात्रांनी येते. दोन्हींची गाठ २८ मात्रांनी, म्हणजे रूपकाच्या चार आवर्तनांनी एकदा पडते. समेवर आलं ते नशिबानं आलं.

सिग्नेचर ७/४ करा (एक मात्रा म्हणजे एक बीट धरून). मग १ बार म्हणजेच एक आवर्तन. लाइव्ह ११ पासून प्रत्येक सीनला स्वतःचा टेम्पो आणि सिग्नेचर देता येते. जुन्या आवृत्तीत सीनच्या नावातच ९० बीपीएम, ७/४ असं लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, देवनागरीतलं त्याला कळत नाही.

आठ मात्रांचा केरवा ४/४ मध्ये ठीक वाटतो, पण तिथेही १ बार ठेवला तर अंतरा पाचव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’च्या जागी सुरू होऊ शकतो. २ बार ठेवा. दादऱ्याला ६/४.

क्लिकचे सातही ठोके सारखे ठेवू नका. पहिला एका सुरात, चौथा आणि सहावा दुसऱ्या, बाकीचे हळू. ३-२-२ कानात बसलं की ढोलकीवाला हरवत नाही.

आणि फाइल ओढून टाकल्यावर वॉर्पनं (क्लिपची लय सेटशी जुळवणाऱ्या सोयीनं) लावलेला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, तपासाच. ९० च्या गाण्याला ४५ किंवा १८० धरलेलं आढळतं. खरा आकडा हातानं टाका. लांब फाइलींचं आपोआप वॉर्प होणं सेटिंगमध्ये बंद करता येतं.

जनरेटर_आणि_अर्थिंग
चरचरीबद्दल. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिरानं पोचवणारा) ड्रायव्हर टाका, विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर राहू नका. बफर (आवाज एका वेळी किती तुकड्यांत पुढे जातो ते) २५६ सॅम्पल. ४४.१ किलोहर्ट्झला ते ५.८ मिलिसेकंद होतात, म्हणजे स्पीकरपासून दोन मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. १२८ च्या हट्टापायी आवाज फाटण्यापेक्षा हे बरं. वायफाय, ब्लूटूथ बंद.

पॉवर प्लॅन ‘बॅटरीवर असताना’ यासाठीही हाय परफॉर्मन्स करा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, प्रोसेसर मंदावतो आणि नेमकी तेव्हाच चरचर सुरू होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या मंडपात गरम झालेला लॅपटॉपही असाच मंदावतो. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवा, हवा खेळू द्या.

चार्जर लावला की घुंऽऽ येत असेल तर उजव्या आउटपुटला डीआय बॉक्स (इंटरफेस आणि मिक्सरच्या मधे लावायचा डबा) जोडा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणीही दिला तरी तोडू नका, शॉक बसतो.

पेटी_आणि_कीबोर्ड (सोलापूर)
७/४ केलं, अंतरा समेवर येतोय. दोन शंका. पेटी ट्रॅकपेक्षा किंचित चढी लागते. आणि शेवटी भजनात लय चढते, तिथे क्लिकचं काय करायचं?

सात_मात्रा
पेटी ट्यूनरवर तपासा. तिचा ए स्वर ४४२ हर्ट्झला असेल तर ४४० च्या ट्रॅकपेक्षा साधारण ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर आहे. वॉर्प चालू ठेवून स्वरांच्या क्लिपना डीट्यूनमध्ये अधिक ८ द्या, तालाच्या क्लिपला हात लावू नका. कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंगही ४४२. पेटी स्टेजवर बदलणार नाही, बाकीच्यांनीच तिच्याकडे यायचं.

लय चढणाऱ्या भजनाला क्लिक नको, ताल आणि बासचे ट्रॅकही नकोत. ढोलकीवाल्याला मोकळं सोडा. मागे फक्त तानपुरा किंवा षड्ज-पंचमाचा पॅड ठेवा, त्याला मात्राच नसते. लूपचं टोक ऐकू येऊ नये म्हणून तो पॅड भजनापेक्षा लांबच रेकॉर्ड करा. दहा मिनिटांचं भजन असेल तर पंधरा मिनिटांचा.