आंतरतारकीय, अंतरतारकीय की अंतस्तारकीय?

वक्ररेषा: भाषांतरात अडलंय. १ जुलै २०२५ला चिलीतल्या दुर्बिणीने टिपलेल्या ३आय/ॲटलास या दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या धूमकेतूला मी 'आंतरतारकीय (इंटरस्टेलर) वस्तू' लिहिलं. तपासनिसांनी 'अंतरतारकीय' केलं. बरोबर काय? शिवाय 'वस्तू' भांड्याकुंड्यांसारखं वाटतं.

खडूफळा: संधी पाळायचा तर 'अंतस्तारकीय', अंतस्तलासारखं. 'अंतर'ने ताऱ्यांमधला पल्ला मोजल्यासारखं होतं.

तिरपागडे: अंतस्तारकीय कोण वाचणार? आंतरजातीय, आंतरशालेय चालतं ना, मग आंतरतारकीय. वस्तूला 'पिंड' म्हणा.

खडूफळा: पिंड म्हटलं की कावळा आलाच.

भिंगवाला: 'पाहुणा' मात्र नको. पाहुणा मुक्कामाला येतो. हा सेकंदाला ५८ किमी वेगाने सूर्यमालेत शिरला, ऑक्टोबरअखेर १.३६ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) सूर्याला वळसा घालून निघाला. वाटसरू म्हणा.

तिरपागडे: अतिथी! तिथी न कळवता आलेला.

खडूफळा: ती लोकव्युत्पत्ती. 'अत्' म्हणजे सतत हिंडणे हा धातू धरतात. तोच इथे जास्त शोभतो, हे मान्य.

भिंगवाला: 'अपास्त कक्षा, म्हणून परका' असंही लिहू नका. अपास्त म्हणजे हायपरबोला, परत न वळणारा उघडा वक्र. १९८० ई१ या धूमकेतूच्या कक्षेची विमध्यता (१च्या वर गेली की कक्षा अपास्त) १.०५७ झाली, तरी तो घरचाच. गुरूजवळून जाताना ढकलला गेला. ग्रहांची ओढ वजा करून येतानाची कक्षा काढावी लागते. पण बाहेरून आलेल्या तिघांची विमध्यता ओमुआमुआ १.२, बोरिसोव्ह ३.३६, ॲटलास ६.१ म्हटल्यावर शंका उरत नाही.

वक्ररेषा: आणि 'दुसऱ्या ग्रहमालांची माहिती देतो' हे वाक्य?

भिंगवाला: मोघम आहे. बोरिसोव्हमध्ये पाण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला, म्हणजे तो त्याच्या मूळ ताऱ्यापासून लांब, कडाक्याच्या थंडीत गोठला असावा. ॲटलासभोवती जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या सुमारे ८ पट दिसला. पण तेव्हा तो सूर्यापासून ३.३ एककांवर होता. तिथे पाण्याचा बर्फ पुरता उडत नाही. वाफेचं प्रमाण म्हणजे गाभ्याचं प्रमाण नव्हे. 'वायूत ८ पट' लिहा, 'बर्फात' नको.

खडूफळा: अपास्त म्हणजेच दूर फेकलेला. एखाद्या मोठ्या ग्रहाने भिरकावलेल्या गोट्याला याहून नेमका शब्द नाही. 'आंतर'चा घोळच मिटतो.

तिरपागडे: मग अपास्त या वक्राला काय म्हणणार? आणि धूमकेतू कशाला, शेंडेनक्षत्र आहे की मराठीत!

भिंगवाला: ओमुआमुआला शेंडा दिसलाच नव्हता.

तिरपागडे: धूर तरी कुठे दिसला होता?