होइस्टच्या ब्रेकला नवीन लायनर मारले तरी लोड सरकतोय

शिरोली_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. आमची १० टनी ईओटी क्रेन (शेडमधे वर रुळांवर चालणारी विजेची क्रेन), स्लिपरिंग मोटर, कॉन्टॅक्टर कंट्रोल, होइस्टला (लोड उचलणाऱ्या भागाला) ३०० मिमी ड्रमचा थ्रस्टर ब्रेक, म्हणजे स्प्रिंग लायनर लावलेले दोन शू ड्रमवर दाबते आणि विजेवरचा तेलाचा थ्रस्टर ते उघडतो. मागच्या आठवड्यात जुने लायनर रिव्हेटपर्यंत झिजले होते म्हणून बाहेरून शू रिलाइन करून आणले, बसवले, आणि तेव्हापासून आठ टनाचा मोल्ड बॉक्स उचलून बटण सोडलं की लोड अर्धा फूट खाली येऊनच थांबतो. आधी झिजलेल्या लायनरवर एवढा येत नव्हता हो! स्प्रिंग दोनदा आवळली तर आता ब्रेक पूर्ण उघडत नाही, लायनर घासतो आणि जळका वास येतो. याच क्रेनवर लॅडल (वितळलेल्या लोखंडाची बादली) पण चालते त्यामुळं झोप नाही. कुठून सुरुवात करू?

जुना_क्रेनवाला
सगळ्यात आधी आजपासून त्या क्रेनवर लॅडल बंद करा. साहेब लोक ओरडतील, ओरडू देत, वितळलेलं लोखंड अर्धा फूट सरकणाऱ्या ब्रेकवर न्यायचं नाही म्हणजे नाही.

आता स्प्रिंग होती त्या मापावर परत आणा. थ्रस्टर ठरावीक ताकदीचाच असतो, तुम्ही स्प्रिंग आवळत गेला की त्याला ती दाबून शू पूर्ण उघडता येत नाहीत, मग ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो आणि तापलेल्या लायनरची पकड अजून कमी होते. म्हणजे धरण्यासाठी आवळली आणि उलट सुटायला लागलं. सरकणाऱ्या ब्रेकला पहिला पाना स्प्रिंगला लावायची सवय आपल्याकडं फार आहे, मी स्वतः ती बऱ्याच पोरांची मोडलीय.

मला ड्रमवर संशय आहे. जुने लायनर रिव्हेटपर्यंत गेले म्हणजे रिव्हेटनी ड्रमला खाचा पाडल्या असणार, शिवाय मधला भाग झिजून दोन्ही कडांना पायरी राहिली असेल. जुना लायनर त्या खड्ड्यात बसून झिजलेला असतो म्हणून तो धरत होता, नवा सपाट लायनर दोन्ही कडांच्या पायरीवर टेकतो आणि मधे हवा. ड्रमवर आडवी सरळ पट्टी धरा, खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, लगेच कळेल. लायनरला खडू लावून हातानं ब्रेक लावून सोडून बघा कुठं कुठं पुसला जातो ते, निदान पाऊण भाग तरी पुसला गेला पाहिजे.

आणि हे काम करताना हुक ब्लॉक जमिनीवर टेकवून रोप ढिला करा, मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. ब्रेक उघडला की रिकामा हुकसुद्धा खाली येतो.

साखर_कारखाना_फिटर
दादांनी सांगितलं ते बरोबर, अजून एक बघा, थ्रस्टरचा रॉड. लायनर झिजत जातो तसा ब्रेक लागलेल्या अवस्थेत रॉड खाली खाली बसत जातो, आणि एकदा पिस्टन तळाला टेकला की स्प्रिंगचा सगळा जोर थ्रस्टरच्या बॉडीवर जातो, ड्रमवर काहीच येत नाही, मग कितीही आवळा. नवीन लायनर टाकल्यावर टाय रॉड (दोन्ही शूच्या बाजू जोडणारा दांडा) नव्यानं सेट करावाच लागतो, ब्रेक लागलेला असताना रॉड खाली जायला थोडी जागा शिल्लक पाहिजे. आणि उघडल्यावर दोन्ही शूची गॅप सारखी, साधारण मिलिमीटरभर, नाहीतर एकच लायनर सगळं काम करतो.

थ्रस्टरमधे तेल कुठलं आहे? आमच्या ऊस यार्डच्या क्रेनला कुणीतरी ६८ नंबर हायड्रॉलिक तेल भरलं होतं, थंडीत पहाटे ब्रेक उशिरा लागायचा कारण जाड तेलातनं पिस्टन हळू खाली येतो. आमच्या थ्रस्टरला ट्रान्सफॉर्मर ऑइल लागतं, तुमच्या प्लेटवर बघा. गिअरबॉक्सचा ऑइल सील गळून ड्रमवर तेल येतंय का तेही बघून घ्या, तेल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुवून परत लावू नका, तो बदलायचाच.

चाकण_इलेक्ट्रिकल
तुमचं कॉन्टॅक्टर कंट्रोल आहे तरी सांगून ठेवतो, पुढं कधी व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारी ड्राइव्ह) बसवली तर थ्रस्टरची वायर ड्राइव्हच्या आउटपुटला अजिबात जोडू नका, स्लो स्पीडला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी कमी मिळते, थ्रस्टर उचलत नाही आणि लायनर जळतो. त्याला वेगळा कॉन्टॅक्टर, सरळ मेन सप्लायवरून. सध्या तिन्ही फेज थ्रस्टरच्या टर्मिनलपर्यंत येतात का मोजा, एक फेज गेला तरी असाच वास येतो.

शिरोली_मेंटेनन्स
मंडळी, तुमच्यामुळं सापडलं. पट्टी लावली तर मधे १.२ मिमीचा खड्डा! आणि थ्रस्टरमधे खरंच ६८ नंबर, आमच्याच पोरानं टॉप-अप केलं होतं. फेज तिन्ही ठीक. ड्रम लेथवर मारायचा म्हणतोय, चालेल ना?

जुना_क्रेनवाला
चालेल, पण मेकरच्या ड्रॉइंगमधे कमीत कमी व्यास किती दिलाय तो बघूनच, आणि ड्रमवर तापून पडलेल्या बारीक चिरा असतील तर टर्निंगच्या भानगडीत न पडता नवा घ्या. व्यास कमी झाला की लायनर फक्त मधोमध टेकेल, म्हणून ड्रमवर एमरी पेपर गुंडाळून लायनर त्यावर घासून बसवा. लायनर अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर घासायचा नाही, बिनअ‍ॅस्बेस्टॉसचाच मागवा, आणि तरीही मास्क लावा, धूळ हवेच्या नळीनं उडवू नका. रिव्हेट मधून सुरू करून कडेकडे जायचं, पितळ किंवा तांब्याचे, डोकी लायनरमधे चांगली खोल बुडालेली. शू आणि लायनरच्या मधे फिलर जाता कामा नये.

शिरोली_मेंटेनन्स
अपडेट. ड्रम २९७ ला टर्न केला, ड्रॉइंगच्या मर्यादेत आहे. दोन्ही शूचे लायनर नवे, घासून बसवले, खडू जवळजवळ सगळा पुसला गेला. तेल काढून आतून धुवून ट्रान्सफॉर्मर ऑइल भरलं, स्प्रिंग मूळ मापावर. आठ टन गुडघ्याएवढा उचलून वीस वेळा बटण सोडलं, प्रत्येक वेळी दोन सेंटीमीटरच्या आत थांबतोय, ड्रम हाताला कोमट. वर्षातून एकदा तपासणी होतेच, पण ती पुढं ढकलायची नाही म्हणून कॉम्पिटंट पर्सनला (तपासून सही द्यायचा अधिकार असलेल्या माणसाला) याच आठवड्यात बोलावलंय, सव्वापट लोड टेस्ट करून सही मिळाल्यावरच लॅडल चालू करणार. तोवर लॅडल दुसऱ्या बेवरच्या क्रेनवर. काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार.

साखर_कारखाना_फिटर
छान काम केलंत. टेस्टच्या आधी टाय रॉडचे लॉक नट एकदा बघून घ्या, नवा लायनर पहिल्या काही दिवसांत बसतो आणि गॅप वाढते. रोज सकाळी रिकाम्या हुकवर एकदा आणि आठवड्यानं गेज लावून.