प्रचाराला येणाऱ्यांना मैदानाबद्दल नेमकं काय विचारायचं?

मखमलाबादची मावशी
नमस्कार मंडळी. 15 जानेवारी 2026 ला आपल्या नाशिक महापालिकेचं मतदान. 2017 नंतर आत्ता नगरसेवक निवडायचेत, 2022 च्या मार्चपासून कारभार प्रशासकांकडेच होता. आमच्या प्रभागात चौघांना मत द्यायचंय, त्यामुळे संध्याकाळ झाली की दारावरची बेल थांबत नाही. रस्ता, पाणी, घंटागाडी यावर सगळेच भरभरून बोलतात. मला मैदानाचं विचारायचंय, पण नेमकं काय विचारावं हेच सुचत नाही.

माझी भाची नववीत आहे, पंधराशे मीटर पळते. पहाटे तिला घराजवळच्या मैदानावर नेते आणि मीही कडेने चालते. डिसेंबरात तिथे मोठी सभा झाली. पक्षाचं नाव लिहीत नाही, त्याआधी दुसऱ्यांचीही झालीच होती. मांडववाले बांबू उपटून गेले आणि खड्डे तसेच राहिले. वीतभर खोल, त्यात धुकं असलं की दिसतही नाहीत. ट्रकच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्यात. खिळे आणि तारेचे तुकडे पोरी स्वतः वेचतात, मग वॉर्मअपला सुरुवात. भाचीच्या बरोबरीच्या एका मुलीचा पाय खड्ड्यात गेला, घोटा सुजला आणि स्पर्धा हुकली. वर्षभर घाम गाळला होता तिने.

नोव्हेंबरात आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्याच मैदानासमोर अभिनंदनाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. मला तो बघून आनंदच झाला. सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियासमोर नाबाद 127 केल्या त्या रात्री आमच्याकडे कोणी झोपलं नाही, भाचीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. म्हणूनच जास्त लागतं मनाला. फ्लेक्स लावणाऱ्यांना समोरचे खड्डे दिसत नसतील का?

काय विचारलं म्हणजे "बघतो ना ताई" याच्या पुढे काही उत्तर मिळेल?

पंचवटीकर
ताई, भावना समजल्या. पण सभा घ्यायच्या कुठे? मैदान सगळ्यांचं असतं, निवडणूकही रोज येत नाही. लोकांनी नेत्याला समोरून ऐकायला हवं, हे माझं ठाम मत आहे. सभा बंद करा म्हणालात तर एकही उमेदवार होकार देणार नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक
पंचवटीकर, सभेला कोणाची ना नाही. प्रश्न सभेच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. माझी सगळी नोकरी मातीच्या मैदानावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बांबूच्या खड्ड्यात नुसती माती लोटली तर पहिल्या पावसात ती खाली बसते आणि खड्डा पुन्हा उघडा पडतो. त्यात मुरूम भरायचा, एकेक थर ठोकून घ्यायचा, वरून पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी रोलर फिरवायचा. चाकोऱ्या आधी कुदळीने फोडाव्या लागतात, नाहीतर रोलर नुसता वरून जातो. खिळ्यांसाठी आम्ही दोरीला लोहचुंबक बांधून सगळं मैदान पालथं घालायचो. मुलं ते काम आवडीने करायची. हे सगळं दोन दिवसांत उरकतं. खर्च मांडवाच्या मानाने काहीच नाही.

लांब पळणाऱ्या मुलीला सपाट जमीन का लागते तेही सांगा उमेदवाराला. धावपटू कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग सरांच्या हाताखाली, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तयार झाली. 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला रौप्य. दहा हजार मीटर म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकच्या 25 फेऱ्या. त्या वेगाने पळताना नजर समोर असते, पायाखाली नसते. तिथे एक खड्डा पुरतो घोटा जायला.

दिंडोरीचा संदीप
सर, तुमच्याकडे निदान मैदान तरी आहे. आमच्या गावात भरतीची पोरं-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. आता द्राक्षाचा सीझन, त्या वेळी मालाच्या गाड्या सुसाट असतात. नडगीचं दुखणं घेऊन पळणारे कितीतरी आहेत. मोनिका आथरे आमच्या तालुक्यातली, 2017 ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. तिचं नाव भाषणात हमखास येतं. झेडपीच्या वेळी मी पण हाच प्रश्न धरून बसणार आहे.

सिडको अंबड
मावशी, मी असं विचारीन: मैदान भाड्याने देताना अनामत किती घेतात? ती परत करण्याआधी मैदान बघायला कोण जातं? दुरुस्ती झाली नाही तर अनामत जप्त होते का? आणि तुम्ही निवडून आलात तर तुमच्या पक्षाच्या सभेलाही हाच नियम लावाल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करू का म्हणून विचारा, तिथेच कळेल.

त्याआधी मैदान कोणाच्या मालकीचं ते काढा, महापालिकेचं, शाळेचं की आणखी कोणाचं. सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मतदानाआधी येणार नाही, पण निवडून आलेल्यासमोर ठेवायला कागद हातात राहील. तपोवनातली झाडं वाचवायला लोक उभे राहिले म्हणून तो विषय शहरभर गेला. मैदानासाठी अजून कोणी उभंच राहिलेलं नाही.

पंचवटीकर
अनामतीचं पटलं. हे मीही विचारतो आमच्याकडे.

मखमलाबादची मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. सिडकोवाल्यांचे चारही प्रश्न वहीत उतरवले. आज संध्याकाळी एक उमेदवार बाई आल्या होत्या, त्यांना अनामतीचं विचारलं. त्यांनी सोबतच्या माणसाकडे बघितलं, त्याला माहीत नव्हतं. पण त्यांनी प्रश्न लिहून घेतला आणि नंबर देऊन गेल्या. परवा फोन करणार आहे. संदीप, तुझ्या गावाचंही इथे लिहीत राहा रे.

सर, मुरमाचं मतदान झाल्यावर बघू, पण खिळ्यांचं लगेच करायला हवं, पोरी रोज पळतात. तसलं लोहचुंबक कुठे मिळेल?

निवृत्त क्रीडाशिक्षक
नवीन घेऊ नका. भंगारवाल्याकडे जुन्या मोठ्या स्पीकरचं चुंबक मागा, स्वस्तात देईल. दोरी लांब ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. आणि दव असताना फिरवू नका, ओल्या मातीनेच भरून जातं. ऊन आल्यावर फिरवा.