बाटल्यांवरचं कोटिंग: हूड बदलू की थंड टोकाचा फवारा? सल्ला हवा

भट्टीकर
नमस्कार. एकच लाइन आहे, ३३० मिलीच्या बाटल्या. तपासणीच्या पट्ट्यावर बाटली बाटलीला घासली की खांद्यावर आणि बुडाशी पांढरट ओरखड्यांचं कडं उमटतं. भरणीच्या ठिकाणाहून फुटीची तक्रारही आली आहे. गरम टोकाला, म्हणजे बाटली मोल्डमधून (साच्यातून) निघाल्यावर लगेच, सिंगल लूप हूड आहे (बाटल्या ज्यातून जातात तो वाफेचा बोगदा), त्यात एमबीटीसी (काचेवर टिन ऑक्साइडचा थर देणारं टिनचं द्रव रसायन). थंड टोकाला, म्हणजे लेहर (बाटल्या हळूहळू थंड करणारी लांब भट्टी) संपते तिथे, पॉलिथिलीन इमल्शन, लेहरच्या रुंदीत सरकणारी एकच गन. टिल्ट टेबलवर (हळूहळू कलणारं टेबल, घसरण्याचा कोन जितका कमी तितकी बाटली निसरडी) मधल्या बाटल्या ११ अंशाला घसरतात, कडेच्या मात्र १८ ते २४ ला.
बजेट: नव्या हूडच्या निम्म्या किमतीत बसेल अशी एकच वस्तू. वापरलेला डबल लूप हूड मिळतोय, किंवा गन सरकवणारी नवीन फवारा-गाडी घेता येईल. काय घ्यावं?

गोबफीडर
नवा डबल लूपच घ्या, दुसरा विचार नको. सिंगल लूपमध्ये वाफ एकाच दिशेने फिरते. हूडच्या पुढच्या भागात ती दाट असते, पुढे विरळ होत जाते आणि बाटलीची एक बाजू उपाशी राहते. डबलमध्ये दोन्ही बाजूंनी झोत येतो, न चिकटलेली वाफ परत फिरवली जाते आणि एमबीटीसी कमी लागतं. आमच्या लाइनवर तोच आहे, सगळ्या बाजूंना आकडे एकसारखे येतात.

भट्टीकर
बजेट वर लिहिलंय. नवा बसत नाही.

गोबफीडर
मग थोडं थांबा, पण घ्याल तो नवाच. वापरलेल्या हूडच्या आत काय साचलंय ते बाहेरून कळत नाही.

मापकाटा
खरेदीचं नंतर बघा. CTU (गरम टोकाच्या थराच्या जाडीचं एकक) मोजलेत का? तुम्ही फक्त घसरण्याचा कोन दिला आहे. तो दोन्ही कोटिंगचा मिळून येतो, दोष कुठल्या टोकाला आहे ते त्यावरून कळत नाही. मीटर नसेल तर कोटिंगचं रसायन पुरवणाऱ्यांना बोलवा, ते मोजून देतात.
बाटल्या एकाच मोल्ड नंबरच्या घ्या, निदान ८. प्रत्येक बाटली खांद्यावर आणि बुडाजवळ चार बाजूंनी मोजा. शिवणीची बाजू कुठली ते खुणेने लिहून ठेवा, नाहीतर डावं-उजवं कळणार नाही. अंगावर ३० ते ५० CTU असावेत. एका बाजूला २० आणि दुसऱ्या बाजूला ४५ असेल तर सरासरी छान दिसते, ओरखडा मात्र २० च्या बाजूला पडतो. तोंडाचा भाग वेगळा मोजा. तिथे १०-१२ च्या वर गेलं की धातूच्या झाकणाला गंज धरतो.
कमी आलं म्हणून डोस वाढवत सुटू नका. थर फार जाड झाला की काचेवर इंद्रधनुषी झाक येते आणि अख्खा माल नाकारला जातो.

टिनवाला
एमबीटीसी कशाला? टिन टेट्राक्लोराइड स्वस्त पडतं, थरही पटकन चढतो.

रात्रपाळी
टिनवाला, असहमत. टेट्राक्लोराइडला हवेतली ओल लागली की जागच्या जागी धूर होतो. काचेवर बसायच्या आधीच नळीत पांढरी भुकटी जमते आणि वर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. एमबीटीसीतूनही आम्ल सुटतं, पण ते द्रव डोसिंग पंपाने मोजून देता येतं. कुठलंही वापरा, वाहक हवा कोरडी हवीच. कॉम्प्रेसरचा ड्रायर बंद पडला की आठवड्यात नळ्या भरतात.

टिनवाला
ड्रायर नीट असेल तर टेट्राक्लोराइडलाही काही होत नाही. वर्षानुवर्षं चालतंय.

रात्रपाळी
चालतं, पण एक्झॉस्टची डक्ट किती वेळा बदलता तेही लिहा.

थंडटोक
हूडवर भांडण चाललंय आणि मूळ आकडा कुणी वाचलाच नाही. मध्ये ११ आणि कडेला २४, म्हणजे फरक लेहरच्या रुंदीत आहे. हूडमधून सगळ्या बाटल्या एकामागोमाग एकाच ओळीने जातात, त्यांच्या मध्य-कडा नंतर लेहरमध्ये ठरतात. त्यामुळे हा दोष थंड टोकाचा. तीन गोष्टी तपासा.

पहिली, बाटलीचं तापमान. फवारा पडतो तिथे काच साधारण ८० ते १५० अंशांत हवी. लेहरच्या कडा नेहमीच थंड असतात. ७० च्या खाली पाणी उडत नाही, थेंब ओघळतात, पातळ पडदा न होता ठिपके राहतात. इन्फ्रारेड थर्मामीटर ८ ते १४ मायक्रॉनचा घ्या. कमी तरंगलांबीचा काचेच्या आरपार बघतो आणि भलताच आकडा देतो.

दुसरी, गाडीचा वेग. समजा पट्टा मिनिटाला ३०० मिमी सरकतो आणि दोन रांगांमधलं अंतर १०० मिमी आहे. म्हणजे दर २० सेकंदांना नवी रांग. प्रत्येक फटीत गन एकदा जाऊन एकदा परत यायला हवी, म्हणजे एकेरी फेरी १० सेकंदांत. गाडी टोकाला वळताना तिथे फवारा बंद होत असेल तर कडेच्या दोन-तीन बाटल्या कोरड्या राहतात. वळण लेहरच्या कडेबाहेर न्या.

तिसरी, नोझलची दिशा. झोत रांगांमधल्या फटीतून खाली अंगावर पडायला हवा. तोंडावर पडला तर इमल्शन बाटलीत जातं, आणि ती भरणीवाल्यांची सर्वात मोठी तक्रार असते.

मापकाटा
थंडटोकशी सहमत, तरी CTU मोजाच. टिन ऑक्साइडचा थर हा पॉलिथिलीनला पकड देणारा पाया आहे. नुसत्या काचेवर इमल्शन मारलं तर कोरड्या टेबलावर कोन छान येतो आणि बाटली ओली झाली की सगळं धुऊन जातं. कोन ओल्या बाटल्यांवरही घ्या. टेबलावर तीन बाटल्या ठेवताना हातमोजे घाला, बोटांचं तेल लागलं तरी कोन खोटा कमी येतो.

नळाचंपाणी
इमल्शन कुठल्या पाण्यात मिसळता? नळाच्या पाण्यातले क्षार इमल्शन फाडतात, गुठळ्या होतात, नोझल तुंबतं. क्षारमुक्त पाणीच घ्या. २० ते २५ टक्के घनांश असलेलं इमल्शन १:१०० पातळ केलं की ०.२ ते ०.२५ टक्के उरतं, तेवढं पुरतं. गिअर पंप वापरू नका, तो इमल्शन रगडून फोडतो. डायफ्रॅम किंवा पेरिस्टाल्टिक ठेवा. ड्रम थंडीत गोठला तर टाकून द्या, परत ढवळून उपयोग नाही.

लेबलवाले
आणि घट्ट मारू नका! लेबलाचा गोंद पॉलिथिलीनवर धरत नाही. कोन ८ च्या खाली आणायच्या नादात लेबलं सुटतात.

गोबफीडर
नवा हूड घेतलात तर इमल्शन इतकं लागतच नाही.

थंडटोक
असं नसतं. टिन ऑक्साइड निसरडं नाही, घसरण पॉलिथिलीनच देतं.

नळाचंपाणी
+१. आणि पाणी तपासा.

भट्टीकर
सगळ्यांचे आभार. पुरवठादाराच्या माणसाने मीटर आणला होता. बाटलीची एक बाजू २२, दुसरी ४४, तोंडावर १६. हूड कन्व्हेयरच्या मध्यरेषेपासून ७ मिमी सरकलेला निघाला. मधोमध आणल्यावर ३४ आणि ३७. हूड ४ मिमी खाली घेतला, वाफेची फट तोंडाच्या खाली गेली, तोंडावर आता ९.
लेहरच्या कडेला काच ७० अंश होती, मध्ये ११५. गन लेहरच्या तोंडाकडे एक मीटर सरकवली. आता कडेला ८८, मध्ये १३०. वळण बाहेर नेलं, पाणी बदललं. कडेचा कोन १३, मधला १०, ओल्यावर एखादा अंश जास्त.

थंडटोक
म्हणजे एक पैसाही खर्च न होता काम झालं. आता फवारा-गाडीच घ्या, दोन गनची. १३ चे ११ होतील.

मापकाटा
माझंही तेच मत. किंवा स्वतःचा CTU मीटर घ्या. हूड दर पाळीला हलतो.

भट्टीकर
वापरलेला डबल लूप घेतोय. कोनासाठी नव्हे, कोन पुरेसा आहे. मध्यावर आणायला हूड उघडला तेव्हा दिसलं की फटीच्या पट्ट्या आम्लाने खाल्ल्या आहेत आणि मागच्या भिंतीला बोटभर भोक आहे. तिथून वाफ थेट मोल्डला तेल लावणाऱ्यांच्या अंगावर येते. दोन पाळ्यांत डोळे चुरचुरण्याची तक्रार आहे आणि आम्ही ती भट्टीच्या उष्णतेवर ढकलत होतो. एक्झॉस्टचा पंखा वाढवून बघितला, तर हूडमधली वाफच ओढली गेली आणि CTU २५ वर आले. गनला सध्या नुसती नवी नोझल बसवतोय.

गोबफीडर
नवाच घ्यायला हवा होता, पण भिंत गेली असेल तर थांबूही नका.

रात्रपाळी
वापरलेला घेताना हे बघा. फटीच्या पट्ट्या काढून आतली पांढरी भुकटी कोरडीच खरवडा, मास्क आणि हातमोजे घालून. पाणी मारलं तर त्यात अडकलेलं आम्ल धातू खायला लागतं. परतीच्या दोन्ही पंख्यांची पाती हाताने फिरवून बघा, जड फिरत असतील तर बेअरिंग गेलेलं आहे. लाइनवर बसवला की आधी एमबीटीसी न देता नुसता चालवा आणि हूडच्या दोन्ही तोंडांपाशी सुतळीचा तुकडा धरा. सुतळी आत ओढली जायला हवी, पण हलकेच. ती बाहेर फडफडली तर डोस सुरू करू नका.

भट्टीकर
सुतळी आजच बांधून ठेवतो. जुन्या हूडलाही.