मदत हवी आहे: पुण्यातल्या जुन्या बंगल्याची ड्रेनेज लाइन सारखी तुंबते, काम नेमकं कोणाला द्यावं?

अंगणवाली

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे. पोस्ट लांबली आहे, पण अर्धवट माहितीवर उत्तरं मागण्यात अर्थ नाही.

आमचा पुण्यात १९७८ साली बांधलेला बंगला आहे. तळमजल्यावर आई-बाबा आणि आम्ही, वरच्या मजल्यावर भाडेकरू. मागच्या अंगणातून निघून घराच्या कडेने, पार्किंगखालून रस्त्याकडे जाणारी ड्रेनेज लाइन मूळ बांधकामाच्या वेळचीच आहे, तपकिरी स्टोनवेअरचे (भाजलेल्या मातीचे) सहा इंची पाइप आणि सिमेंटचे सांधे. कडेलाच उंबर आहे. तो कोणी लावला नाही, आपसूक आला आणि आता दुमजली झालाय.

लक्षणं अशी: खालच्या संडासात फ्लश केलं की पाणी आधी वर चढतं, मग सावकाश उतरतं. वरच्यांचं वॉशिंग मशीन रिकामं झालं की आमच्या न्हाणीच्या जाळीतून फेस बाहेर येतो. मागच्या अंगणातला चेंबर काठोकाठ भरलेला असतो, तर फाटकाजवळचा शेवटचा चेंबर जवळपास कोरडा. या दोन चेंबरमध्ये साधारण ४५ फूट अंतर आहे.

आजवर नेहमीचे प्लंबर येऊन रॉड मारून जायचे. तीन-चार महिने बरे जायचे, मग पुन्हा तेच. आता कायमचा इलाज करायचं ठरवलंय. चौकशी केल्यावर आलेले प्रस्ताव:

एका कंपनीचं म्हणणं, जेटिंग मशीनने (दाबाच्या पाण्याचे फवारे मारून) साडेचार हजारांत लाइन साफ करू आणि वर 'एक वर्षाची वॉरंटी'. वॉरंटी कशाची, या प्रश्नावर फोनवरच्या मुलीने "मॅडम, सर्व्हिसची" एवढंच सांगितलं.

एका कॉन्ट्रॅक्टरने चेंबरचं झाकणही न उघडता फाटकातूनच नजर टाकली आणि संपूर्ण लाइन बदलायचे १ लाख ४० हजार सांगितले. व्हॉट्सॲपवर एका ओळीत. त्यात पेव्हर ब्लॉक पुन्हा बसवणं धरलंय का, ते कळायला मार्ग नाही.

तिसरा स्कूटरवरून आला होता. "चेंबर खोल आहे, पोराला आत उतरवतो, हजार रुपये द्या," म्हणाला. बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

तर प्रश्न असा की साडेचार हजार आणि १ लाख ४० हजार यांच्या मधलं काही असतं का? कॅमेऱ्याने तपासणी म्हणतात ती घरगुती लाइनला करून घ्यावी का? आणि आणखी एक गुंता. आमचा बंगला जुळा आहे आणि शेजारच्यांच्या स्वयंपाकघराचं पाणी आमच्याच मागच्या चेंबरला येतं. शेजारचे काका स्वभावाने चांगले आहेत, पण खर्चाचा विषय निघाला की त्यांना कमी ऐकू येतं.

निवृत्त ओव्हरसियर

तुमचं निम्मं निदान तुम्हीच केलंय. वरचा चेंबर भरलेला आणि खालचा कोरडा, म्हणजे दोष त्या ४५ फुटांतच आहे. दोन्ही भरलेले असते तर रस्त्यातल्या मुख्य लाइनकडे बघावं लागलं असतं, आणि ते काम महापालिकेचं. आवाराच्या आतली लाइन मालकाची. त्यामुळे संपूर्ण लाइन बदलायच्या कोटेशनवर सध्या वेळ घालवू नका.

स्टोनवेअरचा पाइप स्वतः सहसा कुजत नाही. बिघडतो तो सांधा. सिमेंट तडकतं, ओल बाहेर झिरपते, आणि उंबर-पिंपळासारखं झाड ती ओल शोधत येतं. केसाएवढं मूळ आत शिरतं, आत पाणी आणि खत दोन्ही आयतं मिळाल्यावर त्याची झुपकेदार शेपटी होते आणि जे काही वाहत येईल ते तिथे अडकतं. रॉड मारल्यावर त्या झुपक्याला फक्त भोक पडतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तुंबणं याच्याशी जुळतं. पण जुळतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पाइप मध्येच खचून पोट आलं असेल तरी लक्षणं अशीच दिसतात, आणि दोन्हींचे इलाज वेगळे.

म्हणून कॅमेरा हवाच, फक्त क्रम नीट ठेवा. आधी लाइन मोकळी आणि रिकामी करायची, मग कॅमेरा. भरलेल्या लाइनमध्ये कॅमेरा घातला तर काळ्या पाण्याशिवाय काही दिसत नाही. जेटिंग खालच्या, म्हणजे तुमच्या कोरड्या चेंबरमधून वरच्या दिशेने करायला सांगा. नोझलला मागच्या बाजूने फवारे असतात, त्यांच्या जोराने होज स्वतःच पुढे सरकतो आणि घाण मागे खालच्या चेंबरकडे येते. तिथे तोंडाला जाळी लावून मुळं, चिंध्या बाहेर काढून घ्यायच्या, नाहीतर तेच जाऊन मुख्य लाइनमध्ये बसेल. पाइप जुना आहे, दाब सुरुवातीला कमीच ठेवायला सांगा. "फुल प्रेशर मारू का?" असं विचारणाऱ्याला नाही म्हणा.

काम चालू असताना वरच्या मजल्यावर मशीन, फ्लश सगळं बंद. हे भाडेकरूंना आदल्या दिवशीच सांगा.

आणि एक गोष्ट माणूस बोलावण्याआधी घरीच करता येईल. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही चेंबरमधल्या पाइपच्या तळाच्या पातळीत किती फरक आहे ते मोजा. वरचा चेंबर रिकामा झाल्यावर, वरूनच काठी सोडून. आमच्या वेळचा ढोबळ हिशेब असा: चार इंची पाइपला ४० फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. तुमच्या ४५ फुटांना नऊ इंच हवेत.

कायद्याचं बोला

त्या स्कूटरवाल्याला परत पाठवणाऱ्या तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

हे फक्त भूतदयेपुरतं नाही. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साफसफाईला उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. "कॉन्ट्रॅक्टरने उतरवलं, मी नाही," ही सबब पोलिसांपुढे टिकेल या भरवशावर राहू नका.

चेंबर तीन फुटी असेल तर धोका कमी वाटतो. पण १९७८चं घर आहे, आवारात जुना सेप्टिक टँक बुजवून किंवा नुसता झाकून ठेवलेला असू शकतो. बाबांना विचारा. असल्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड फार फसवा असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होऊन वास येईनासा होतो. आत गेलेल्याला वाटतं वास गेला, हवा चांगली झाली. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघे जातात.

माणूस निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: आत न उतरता काम कसं करणार? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याचा दर विचारायचंच कारण नाही. टँक उपसायचा असेल तर १४४२० या हेल्पलाइनवर चौकशी करता येते.

ठाण्याची माहेरवाशीण

वॉरंटीबद्दल स्वानुभव. आम्हीही अशीच 'वर्षाची वॉरंटी' घेतली होती. पुन्हा तुंबल्यावर कळलं की मुळं, पाइपची तूटफूट, सॅनिटरी पॅड आणि 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' हे सगळं वगळलेलं. मग उरलं काय? भांडून शेवटी व्हिजिट चार्ज माफ झाला.

कॅमेऱ्याचंही तसंच. आमच्याकडे आलेल्या मुलाने मोबाइलवर आठ सेकंदांची क्लिप दाखवली, ती आमच्याच पाइपची होती की त्याच्या आत्याच्या, देव जाणे. पूर्ण रेकॉर्डिंग मागा, सुरुवातीला तुमचा चेंबर आणि फाटक दिसलं पाहिजे आणि पडद्यावर किती मीटर आत गेला तो आकडा सतत हवा.

अवांतर: लाइनमध्ये ॲसिड ओतलंय का? ओतलं असेल तर येणाऱ्या माणसाला आधी सांगा. आणि त्यावर ब्लीचिंग पावडर तर चुकूनही नको, क्लोरीन वायू तयार होतो.

अंगणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲसिड नाही ओतलेलं, कॉस्टिक सोडा मात्र आई अधूनमधून टाकते, आता बंद करायला सांगितलंय.

सेप्टिक टँकबद्दल बाबा म्हणाले, होता. महापालिकेची लाइन आल्यावर तो बाजूला काढून माती भरून बुजवला. कुठे, ते त्यांना पक्कं आठवतं: तुळशी वृंदावनाच्या मागे. हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

भाऊ आणि बाबा नळी घेऊन बसले. मागचा चेंबर बादलीने वरूनच उपसला. फरक सात इंच भरला. हे वाईट आहे का?

आणि एक शंका. आम्ही गणपती घरीच बादलीत विसर्जन करतो, शाडूचा. तो गाळ बागेत जातो. शेजारी मात्र प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळवतात. खाली राहिलेला पांढरा चिखल कुठे जातो ते मला आता आठवतंय आणि आठवून पोटात गोळा आलाय.

निवृत्त ओव्हरसियर

सात इंच म्हणजे ७७ फुटांत एक फूट. आदर्श नाही, पण सहा इंची पाइपला चालून जातं. म्हणजे उतारासाठी अख्खी लाइन उखडायचं कारण सध्या तरी दिसत नाही. मध्ये कुठे पोट आलंय का, ते कॅमेऱ्यात कळेल: वरून बादलीभर पाणी सोडायचं आणि ते कुठे थांबून राहतं ते बघायचं.

पांढरा चिखल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वरचं द्रावण पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं, पण खालचा गाळ सिंकमध्ये ओतला तर पाइपच्या तळाशी बसतो आणि स्वयंपाकघरातलं तेल त्याला धरून ठेवतं. जेटिंगला तो निघून जाईल. काकांशी बोलायला हा मुद्दा उपयोगी आहे, पण आरोप म्हणून नको.

समितीतला गरीब सेक्रेटरी

काकांच्या बाबतीत माझा सल्ला: खोदाईच्या खर्चापासून सुरुवात करू नका. "कॅमेरा तपासणी करतोय, अर्धे पैसे तुम्ही द्या, रेकॉर्डिंगची कॉपी तुम्हालाही देतो," असं म्हणा. लहान रक्कम आहे, माणूस हो म्हणतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मुळं बघितली की पुढचं बोलणं सोपं होतं. सामायिक लाइन कोणी कशी सांभाळायची ते दोघांच्या सहीने एका कागदावर असू द्या. उद्या कोणी बंगला विकला तर तो कागद कामाला येतो.

तपासणी करणारा आणि खोदाई करणारा शक्यतो वेगळा ठेवा. ज्याची कमाई खोदण्यातून आहे त्याला प्रत्येक पाइप फुटलेला दिसतो. कॅमेरावाल्याकडे लोकेटर असेल तर दोष जमिनीवर नेमका कुठे येतो ते खडूने आखून घ्या. मग तीन ठिकाणांहून कोटेशन मागवताना सगळ्यांना तोच व्हिडिओ आणि त्याच खुणा द्यायच्या. कोटेशनमध्ये किती फूट लांबी, किती खोली, कोणता पाइप, राडारोडा कोण उचलणार, पेव्हर कोण बसवणार आणि जीएसटी धरून की सोडून, एवढं आलंच पाहिजे. एकगठ्ठा आकडा देणाऱ्याशी बोलू नका. ॲडव्हान्स साहित्यापुरता, आणि शेवटचा मोठा हप्ता पाणी भरून चाचणी झाल्यावरच, खड्डा बुजवायच्या आधी. खड्डा बुजला की तुमच्या हातात काही राहत नाही.

अंगणवाली

अपडेट: काकांनी अर्धे दिले! सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला चहा लागू.

जेटिंग खालून वर, कमी दाबाने झालं. मुळांचा जो झुपका निघाला त्याचा फोटो टाकत नाही, कोणी जेवत असेल. कॅमेऱ्यात वरच्या चेंबरपासून सहा ते नऊ मीटरच्या पट्ट्यात तीन सांधे उघडे दिसले, सगळे उंबराच्या बाजूला. बाकी पाइप शाबूत, पोट कुठे नाही. तेवढाच तुकडा बदलायचं म्हणतोय. त्या भागाचं पहिलं कोटेशन ३८ हजार आलंय, अजून दोन येतील. पाइप कोणता घालू? तो कॉन्ट्रॅक्टर साधा राखाडी एसडब्ल्यूआर (घरातल्या सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप) म्हणतोय. आणि उंबराचं काय करू? आई तोडू देणार नाही.

निवृत्त ओव्हरसियर

आईंचं ऐका. तसंही महापालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यात धरलं आहे. खोदताना जाड मूळ आडवं आलं तर कुऱ्हाड उचलण्याआधी उद्यान विभागाला विचारा.

राखाडी एसडब्ल्यूआर भिंतीवरच्या उभ्या लाइनसाठी. जमिनीखाली, त्यातही गाडी उभी राहणार तिथे, आयएस १५३२८ (भारतीय मानक क्रमांक) छापलेला भूमिगत ड्रेनेजचा पाइप मागा, रबर रिंगच्या सांध्यांचा. छाप पाइपवर स्वतः वाचा, बिलावर विश्वास ठेवू नका. खाली वाळूची बैठक हवी, दगड-विटांचे तुकडे नकोत. नवा पाइप जुन्या स्टोनवेअरला जिथे मिळतो ते दोन जोड सगळ्यात नाजूक. तिथे सिमेंट थापून मोकळा होणारा माणूस नको, जोडासाठी काय वापरणार ते आधी विचारा. आणि जमलं तर त्या तुकड्याच्या वरच्या टोकाला एक छोटा चेंबर काढून घ्या. पुढच्या वेळी मशीन लावायला पेव्हर उचलावे लागणार नाहीत.

पावसाच्या आधी उरका. उघड्या चरात पाणी भरलं की वाळू वाहून जाते आणि उताराचे सात इंच कुठे गेले ते शोधत बसावं लागतं.